दोन बोटं माया

ये गं, अशी जवळ बस, निदान कागदावर तरी. रीडिंग काही सातासमुद्रापार नाही, पॅडिंग्टनला उतरून बेकर स्ट्रीटला गाडी बदलली की तू माझ्या दारात. पण तुला यायला होत नाही आणि फोन आला की तो रडका. रविवारी म्हणालीस, "मावशी, बाळाची पुढची कातडी मागे जातच नाही. रोज अंघोळीच्या वेळी थोडी थोडी ओढते मी. ऑपरेशन करावं लागेल का गं?" आणि मी ओरडले तुझ्यावर. ओरडले ते बरंच केलं. कुणी सांगितलं तुला ओढायला? शेजारणीने? तिला सांग, स्वतःचे पडदे ओढ म्हणावं. पाच महिन्यांच्या पोराची कातडी मागे जायचीच नसते. ती आपल्या आपण सुटते, कुणाची दोन वर्षांत, कुणाची दहा. लाल झालं, ताप आला, लघवी अडकली, तर धाव डॉक्टरकडे. नाहीतर हात लावू नकोस.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. ज्या माणसाची पत्रं मी अकरा वर्षं टाईप केली, त्याचं हे म्हणणं. फोनवर सांगायला लागले की मध्येच तुझं बाळ उठतं, म्हणून लिहूनच काढते. लाजू नकोस. ऐंशी साल उजाडलं तेव्हा मीही लाजायचे. मग कामच असं मिळालं की लाज घरी ठेवून जावं लागलं.

मी त्या हॉस्पिटलात लागले ती चहाच्या ट्रॉलीवर. मॅट्रिकला दोनदा नापास झालेली बाई मी, माझं इंग्रजी 'मिल्क?' आणि 'शुगर?' एवढंच. पण आउटपेशंटच्या खोलीत एक जुना टाईपरायटर बाद करून ठेवला होता. तो तुझ्या काकांनी बसमधून मांडीवर घेऊन घरी आणला. कळफलकावर टॉवेल टाकून मी रोज संध्याकाळी बोटं बडवायचे, खालच्या भाडेकरूने छताला झाडू मारेपर्यंत. इंग्रजीसाठी शनिवारचा वर्ग लावला. दोन वर्षांनी मुलांच्या सर्जनकडे टायपिस्टची जागा निघाली. एका महिन्यात तिघी पळून गेल्या होत्या. चौथी मी.

त्या का पळाल्या, ते पहिल्याच दिवशी कळलं. खोलीत पाऊल टाकलं तर साहेब माझ्याकडे न बघता माझ्या कोटाच्या बाहीकडे बघत होते. म्हणाले, "बाई, ही बाही तुम्हाला आखूड आहे. पण आत दोन बोटं माया असणार. उलटी करा बघू."

चक्क मराठीत! सांगलीकडचं मराठी, रोखठोक. हॅलो नाही, नाव नाही, गाव नाही. मी गोंधळून बाही उलटी केली आणि खरंच होती आत दोन बोटं माया. तुला ठाऊक आहे ना माया म्हणजे काय, का तुम्ही सगळं दुकानातून तयार आणता? शिवताना शिंपी शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो. पोर वाढलं की उसवून मोठं करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात.

तर हे साहेब शिंप्याचे चिरंजीव. वडिलांचं बाजारपेठेत बोळकांडीएवढं दुकान, हे तिथेच पाटावर बसून काज करता करता शिकले आणि पुढे डॉक्टर होऊन इकडे आले. इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात, तो मान असतो. ते म्हणायचे, "बघा बाई, आबांनी सगळ्या गावाला सांगितलं, माझा मुलगा डॉक्टर झाला. आणि मी इथे येऊन शिकून शिकून परत मिस्टर झालो. मग शिंपी काय वाईट होता?" मी मात्र त्यांना शेवटपर्यंत डॉक्टरच म्हटलं. आपल्याला नाही जमत तो मिस्टर.

सवयी विचारशील तर किती सांगू. खिशात स्टेथोस्कोप कधी सापडायचा नाही, पण अंगुस्तान हमखास. तेच ते, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटाला घालतो ती टोपी. विचार करताना ते अंगुस्तान टेबलावर टकटक वाजवायचे. माझ्या खुर्चीच्या पाठीला कायम काळा दोरा बांधलेला असायचा. मी टाईप करत असताना मागे उभे राहून ते त्या दोऱ्याला गाठी मारायचा सराव करायचे, एका हाताने, न बघता. एकदा मी उठले आणि खुर्ची माझ्यामागे चालत आली. माझ्या स्वेटरचा धागाही त्यांनी त्यात बांधून टाकला होता. "गाठ घट्ट बसली की नाही?" एवढंच विचारलं त्यांनी. नर्सचं बटण तुटलेलं त्यांना बघवायचं नाही. राउंडवर उभ्या उभ्या लावून द्यायचे, आणि ती बिचारी गोरी पोर लाल होऊन पुतळ्यासारखी उभी.

पत्रं मशीनमध्ये बोलून ठेवायचे, मी ती कानाला लावून उतरवायचे. इंग्रजी बोलता बोलता मध्येच मराठीत शिवी, मध्येच "बाई, हे लिहू नका." पहिल्या महिन्यात मी ते सगळंच लिहिलं. "बाई, डू नॉट राइट धिस," असं एका फॅमिली डॉक्टरला गेलं. त्या डॉक्टरने उलट पत्र पाठवलं की बाईंना माझा नमस्कार सांगा.

आता त्या पत्रांत काय असायचं, ते ऐक. सोमवारच्या क्लिनिकला येणाऱ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द असायचा: टाईट. मुलाची पुढची कातडी टाईट आहे, कृपया तपासा. आणि तपासावं तर दहातली नऊ मुलं तुझ्या बाळासारखी ठणठणीत. मग टाईट का? तर इथलं सरकारी खातं आजार असेल तर सगळं करतं, अगदी फुकट करतं. पण धर्मासाठी सुंता करायची तर करत नाही. म्हणतात, हा आजार नाही, आमचा विषय नाही. कुठल्याशा जिल्ह्यात करून द्यायचे म्हणे, आमच्याकडे नाही. मग आयाबाया काय करणार? घरात मुलगा झालाय, रीत करायची आहे, सुरक्षित जागी करून घ्यावी असं कोणत्या आईला वाटणार नाही? आणि दार तर फक्त आजाऱ्याला उघडतं. मग पोराला आजारी करायचं.

एकच वाक्य घेऊन यायच्या सगळ्या, त्याच क्रमाने. आधी टाईट, मग लघवीच्या वेळी फुगा होतो, मग रडतो. डॉक्टर मान डोलावून ऐकायचे. एकदा एक बाप आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आला. बापाने पढवलं होतं, डॉक्टरांनी विचारलं की दुखतं म्हणायचं. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतं रे?" मुलाने बापाकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं आणि गुडघा दाखवला. बाप घामाघूम. डॉक्टर गंभीर चेहऱ्याने गुडघा तपासत बसले, खिशातली टेप काढून मोजलासुद्धा. मग बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन आम्ही नक्की केलं असतं."

तो गेल्यावर मी हसत होते. तर मला म्हणाले, "हसू नका बाई. तो खोटं बोलत नव्हता. आपण त्याला बोलायला लावलं."

आणि मग पत्र सांगायचे. "या मुलाला उत्तम कातडी आहे. त्याला अंघोळ पुरेशी आहे. घरच्या मंडळींची अडचण खरी आहे, पण तिला माझ्याकडे औषध नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा टाईप केलंय की आजही माझी बोटं आपोआप करतील.

ते हसण्यावारी न्यायचे नाहीत, त्याचं कारण पुढच्या सोमवारी यायचं. नाही म्हटलेल्यांपैकी कुणीतरी मग कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, कुणाकडून तरी करून घ्यायचं. बहुतेकांचं नीट व्हायचं. कुणाचं नाही व्हायचं. मग ते पोर टॉवेलमध्ये गुंडाळून यायचं, आई पांढरीफटक. आता मात्र दार सताड उघडं! बेड तयार, थिएटर तयार, सगळं फुकट. त्या दिवशी डॉक्टरांचं अंगुस्तानसुद्धा वाजायचं नाही.

अशाच एका दिवशी ते वरच्या मजल्यावर मॅनेजरकडे गेले. मला बरोबर नेलं, टिपण घ्यायला. मागणी एवढीच, की शनिवारी सकाळी थिएटर रिकामं असतं, तिथे मला या मुलांचं स्वच्छपणे करू द्या. मॅनेजर सभ्य माणूस, सोनेरी चष्मा. म्हणाला, वैद्यकीय गरज दिसत नाही. डॉक्टर उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे गेले आणि त्याच्या कोटाची खालची कड उलटून आत बोट घातलं. "तुमच्या शिंप्याने इथे एक इंच जास्त ठेवलाय," ते म्हणाले. "वैद्यकीय गरज विचारली होती का त्याने?" मी टिपणवहीत डोकं खुपसलं. शनिवार काही मिळाला नाही. पण तेव्हापासून तो मॅनेजर डॉक्टर दिसले की आधी कोटाची बटणं लावायचा.

बरं, आता हन्नाबाई. तू त्यांना बघितलं नाहीस, तू या देशात आलीस त्याच्या आधीच गेल्या. आमच्याच रस्त्यावर, दोन घरं सोडून राहायच्या. मूळच्या रेवदंड्याच्या, आपल्या मराठी ज्यू लोकांपैकी, नवरा गेलेला, मुलगा-सून जवळ. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. कांदेपोहे माझ्यापेक्षा चांगले करायच्या आणि ते मला ऐकवायच्याही. सुनेला दिवस गेले तसं त्यांनी माझ्यामागे लकडा लावला.

"पोरी, मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता करायची. आमचे मोहेलबाबा आता ऐंशीचे झाले, हात थरथरतो. तुझ्या डॉक्टरला सांग ना, हॉस्पिटलात करून देईल का?"

मोहेल म्हणजे त्यांच्यात हे काम करणारा धर्माचा माणूस. आणि मी, मूर्ख बाई, म्हणून गेले, "देतील हो, आपलेच आहेत!" दर सोमवारी 'नाही'ची पत्रं टाईप करणारी मी. आपल्या माणसाला नाही म्हणताना माझी जीभ वळत नाही.

मुलगा झाला. मी डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "बाई, तुम्हीही टाईट म्हणणार का आता?" मग तेच म्हणाले, "मोहेलबाबांकडून करा म्हणावं. हात थरथरत असला तरी माझ्यापेक्षा सराईत आहे." पण माझा चेहरा बघून म्हणाले, चला, बाळ तरी बघून येऊ.

वॉर्डात गेलो. हन्नाबाई बाळाजवळ खुर्ची टाकून पहारेकऱ्यासारख्या बसलेल्या. डॉक्टरांनी लंगोट सोडला, वाकून बघितलं आणि खिडकीकडे नेऊन परत बघितलं. लघवीचं छिद्र टोकाला असतं ना, ते या बाळाचं जरा खाली होतं. असतं काही मुलांना, जीवाला धोका नाही, पण नीट करावं लागतं. आणि ते नीट करायला कापड लागतं ते त्याच पुढच्या कातडीचं. ती आठव्या दिवशी काढून टाकली तर पुढे शिवायचं कशाने?

हे सगळं आता मी तुला सांगतेय तसं त्यांनी सांगायला हवं होतं. पण आमच्या डॉक्टरांना इंग्रजीत समजावता यायचं, मराठीत ते एकदम आबांच्या दुकानात जाऊन बसायचे. हन्नाबाईंना म्हणाले, "आजी, कापू नका. या पोराला माया ठेवायला पाहिजे." आणि निघून गेले, दुसरं पोर वाट बघत होतं.

हन्नाबाई लालबुंद. "काय म्हणाला गो तो? माया ठेवा? मला? आठ महिने सुनेचे पाय चेपले मी! माझी माया नाही म्हणतो नातवावर?"

मी समजवायला गेले तर मलाच म्हणाल्या, "तू गप. तुझं हॉस्पिटल देत नाही तर नाही देत. त्यासाठी मला माया शिकवायची गरज नव्हती." आणि सरळ मोहेलबाबांना निरोप धाडला, आठव्या दिवशी सकाळी या. मुलगा-सून मध्ये बोलायला गेले, पण हन्नाबाईंच्या पुढे कुणाचं काही चालायचं नाही. डॉक्टरांनी रीतसर पत्र पाठवलं, मीच टाईप केलेलं, इंग्रजीत. ते त्यांनी न उघडता तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. मला कळेना की मी कुणाची, डॉक्टरांची की हन्नाबाईंची. मोहेलबाबांची नजरही अधू झालेली. त्यांना दिसलंच नाही तर? त्या पोराचं जन्माचं नुकसान आणि सुरुवात केलेली माझ्या "देतील हो" ने.

सातव्या दिवशी दुपारी मी अबोला सोडून गेले त्यांच्याकडे. दार उघडलं, पण "ये" म्हणाल्या नाहीत. मी आपली आत जाऊन बसले. त्या बाळाचं झबलं घेऊन बसल्या होत्या, पांढरं, मऊ झालेलं, सुंतेच्या दिवशी घालायचं. त्यांच्या मुलाच्या अंगावर होतं तेच, त्याच्याही आधी नवऱ्याच्या. नातू दांडगा निघाला, झबलं तोकडं पडत होतं. खालची कड उसवत होत्या आणि माझ्याशी न बोलता स्वतःशी बोलत होत्या, "बघ, सासूबाईंनी कशी दोन बोटं माया ठेवलीय. सत्तर वर्षं झाली, अजून पुरतेय."

माझ्या हातातून पिशवीच गळली. "हन्नाबाई! अहो, हीच! हीच माया!"

"काय हीच?"

"डॉक्टर ही माया म्हणत होते! शिंप्याची! ते शिंप्याचे आहेत हो! देवाने त्या पोराच्या अंगावर जास्तीचं कापड ठेवलंय, त्यातूनच त्याचं कमी पडलेलं शिवायचंय. आज कापलंत तर उद्या शिवायला काय?"

सुई तशीच हातात राहिली. झबल्याची उसवलेली कड त्यांनी बोटांत धरली, बाळाकडे बघितलं, परत कडेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग असं नीट सांगायचं ना मेल्याने!"

आठव्या दिवशी माणसं तर बोलावलेली. एलियाहू हन्नाबी म्हणजे त्यांच्यातले मोठे संदेष्टे, त्यांच्यासाठी एक खुर्ची मांडतात, ती मांडली होती. डॉक्टर आले, कुणी बोलावलेलं नसताना, क्लिनिकच्या बुटांत, हातात टॉर्च. मोहेलबाबांचा हात धरून त्यांना बाळाजवळ खिडकीत नेलं. दोघं म्हातारे डोकं जवळ घेऊन वाकले. आमचे डॉक्टर तेव्हा पन्नाशीचेच, पण मागून दोघं एकाच वयाचे दिसत होते. मोहेलबाबांनी बोटाने चाचपलं, डॉक्टरांनी टॉर्च धरला. मग मोहेलबाबांनी आपली पेटी बंद केली. "आज नाही," ते म्हणाले. "शरीर दुरुस्त होईपर्यंत थांबायचं, हा आमचाच नियम आहे."

"आणि नाव?" हन्नाबाईंनी विचारलं.

मोहेलबाबा खाली बघत म्हणाले, "नाव त्या दिवशी."

हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्यात मुलाचं खरं नाव सुंतेच्या वेळी ठेवतात. हन्नाबाईंनी ते मनात धरून ठेवलेलं, गेलेल्या नवऱ्याचं. आता ऑपरेशन दीड वर्षाचा झाल्यावर. तोवर पोराला नाव नाही. कौन्सिलला सहा आठवड्यांच्या आत नाव द्यावंच लागतं, म्हणून हन्नाबाईंच्या मुलाने 'अ‍ॅलन' लावून टाकलं. हन्नाबाईंनी ते तोंडात घेतलं नाही. "अ‍ॅलन तुमच्या कौन्सिलचा," म्हणायच्या. त्या त्याला 'पाहुणा' म्हणायच्या. पाहुणा जेवला, पाहुणा रांगायला लागला. डॉक्टरही मला दर सोमवारी विचारायचे, "पाहुणे कसे आहेत?"

हसण्यासारखं होतं, पण हन्नाबाईंची छाती त्या हिवाळ्यात कफाने भरली. दोन जिने चढल्या की बसावं लागायचं. मला एकदा हळूच म्हणाल्या, "पोरी, त्याला नावाने हाक मारायला मी असेन ना गो?" मी म्हटलं, असणारच. या वेळी मात्र मला माहीत होतं की मी काहीतरी बोलून गेलेय.

दीड वर्षाने तारीख मिळाली. थिएटरची यादी टाईप करताना मी काय केलं असेल? हन्नाबाईंना बरं वाटावं म्हणून पूर्ण लिहिलं: छिद्राची दुरुस्ती व सुंता, मोहेल हजर राहतील. झालं! वरून फोन, ऑफिसातली बाई गोड आवाजात, "धर्मासाठीचं आपण करत नाही ना, लव्ह, म्हणून नाव काढलंय." काढलंय! अख्खं नावच यादीतून! मी रिसिव्हर हातात धरून रडायला लागले. त्या पोराला आधीच नाव नाही, होतं तेही माझ्या टाईपरायटरने पुसलं.

डॉक्टर मागे गाठी मारत होते. सगळं ऐकलं. रागावतील म्हणून मी थांबले. झबल्याची गोष्ट मी त्यांना मागेच सांगितली होती. त्यांनी दोरा तोडला आणि म्हणाले, "हन्नाबाईंकडून ते झबलं घेऊन या."

झबलं घेऊन वर गेलो. मॅनेजरने त्यांना पाहिलं आणि आपली बटणं लावली. या वेळी डॉक्टरांनी त्याच्या कोटाला हात लावला नाही. झबलं टेबलावर पसरलं, उसवलेली कड दाखवली, जुन्या शिवणीच्या भोकांची रांग दाखवली. आणि शिकवावं तसं शांतपणे सांगितलं, इथलं कापड इथे वळवायचं, म्हणजे हे अंतर भरतं. कापड सगळं कामात येतं, उरत काही नाही. उरलं नाही म्हणजे सुंताही झालीच.

मॅनेजर चष्मा पुसत म्हणाला, "पण मला एकाच रकान्यात टिक करता येते. ही दुरुस्ती की सुंता?"

"शिवणकाम," डॉक्टर म्हणाले.

तो हसला नाही, पण त्याने 'दुरुस्ती'वर टिक केली. मग पेन खाली ठेवून विचारलं, "तो वृद्ध गृहस्थ आत उभा राहणार आहे ते मी वाचलेलं नाही, असं चालेल का?" मी म्हटलं, चालेल सर. डॉक्टरांच्या आधी मीच म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी मोहेलबाबांच्या हिरव्या गाऊनच्या नाड्या मी बांधल्या. आत काय झालं ते मी पाहिलं नाही. थिएटरच्या सिस्टरने नंतर सांगितलं की म्हातारबाबांनी प्रार्थना म्हटली तेव्हा सगळे हात थांबले होते. मग एक क्षण दोघांची बोटं एकाच कात्रीवर होती, आणि त्यातली कुणाचीही थरथरत नव्हती.

बाहेर बाकावर हन्नाबाई आणि मी. मांडीवर झबलं. पोर आता दीड वर्षाचं, त्याच्या डोक्यातूनसुद्धा गेलं नसतं ते, पण आणलं होतं. अडीच तास. हन्नाबाई झबल्याची कड बोटांनी चाचपत राहिल्या.

दार उघडलं. डॉक्टर मास्क हनुवटीवर ओढत आले, अंगठ्याने दुसरी बोटं चोळत, अंगुस्तान शोधत असल्यासारखे. मी इंग्रजी शब्दांची तयारी करून बसले होते, सक्सेसफुल वगैरे. ते हन्नाबाईंसमोर उकिडवे बसले, शिंपी बसतो तसे.

"आजी," ते म्हणाले, "माया पुरली."

हन्नाबाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, त्या हिरव्या टोपीवरूनच, आणि मोठ्याने रडल्या. मोहेलबाबांनी नाव सांगितलं ते आधी त्यांच्या कानात. शालोम, आजोबांचंच; त्यांच्यात नमस्कारालाही हाच शब्द. महिनाभराने पोर घराबाहेर पळायला लागलं, तेव्हा फाटकात उभं राहून त्या "शालोम! अरे शालोम!" अशी हाक घालायच्या की समोरचे इंग्रज म्हातारा-म्हातारी खिडकीत येऊन हात हलवायचे. त्यांना वाटायचं, या बाई रोज आपल्यालाच नमस्कार करतात. नवसाचा मलिदा केला, पोहे, नारळ, साखर, पाच फळं. डॉक्टर आले, दोनदा घेतला, आणि जाताना यजमानांच्या पडद्याची कड सुटली होती ती घालून गेले. पुढे तीन वर्षं हन्नाबाईंनी ती हाक मारली. पुरेशी मारली असं मी धरून चालते.

डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांना शनिवार मिळालेला नव्हताच. पण मोहेलबाबांची ओळख धरून त्यांनी इतरांनाही गाठलं, इकडचे तिकडचे, मशिदीतले, कुणी काही, घरोघर हे करणारे. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसवून त्यांना हात कसे धुवायचे, कुठलं पोर परत पाठवायचं, ते शिकवायचे. समोर कापडाचे तुकडे पसरलेले. लोकांना वाटायचं, शिवणाचा क्लास आहे. वरच्या लोकांना हे माहीत नव्हतं, म्हणजे त्या मॅनेजरला माहीत होतं आणि त्याने वाचलं नव्हतं. नंतरच्या सोमवारी टॉवेलमधली पोरं कमी यायला लागली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

शेवटच्या दिवशी मला म्हणाले, "बाई, कोट काढा." पहिल्या दिवसाचा तोच कोट, बाही अजून आखूडच. अकरा वर्षं मी ती उसवली नव्हती, आळस. त्यांनी टेबलावर बसून दोन्ही बाह्या उसवल्या, माया बाहेर काढली, परत शिवल्या. तो कोट अजून खुंटीला आहे. मनगटाशी दोन बोटं कापड गडद आहे, ऊन न लागलेलं.

तर आता कळलं ना मी का ओरडले? तुझ्या बाळाला देवाने जी माया ठेवलीय, तिला हात लावू नकोस. आणि त्याला घेऊन ये. मी एक झबलं शिवून ठेवलंय, खाली दोन बोटं माया सोडलीय, म्हणजे तू जरा उशीर केलास तरी होईल. पण गं, माझे डोळे आता सुईत दोरा ओवायला तीनदा चुकतात. तेव्हा सगळी माया उसवायची वेळ माझ्यावर आणू नकोस. या शनिवारीच ये. पोहे भिजवते.